छपरावरचा पाहुणा

"माझा प्लॅन चुकत नाही!"

अंबरीश परचुरे हे वाक्य दिवसातून तीनदा तरी म्हणायचा. आयर्लंडमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात टीमला, ओंगारच्या घरात बायकोला, आणि मधल्या ट्रॅफिकमध्ये ऐकायला कोणी नसलं तर स्वतःला! बावीस वर्षं प्रोजेक्ट मॅनेजरी केलेला माणूस. त्याच्याकडे सुट्टीचा एक्सेल होता, फराळाचा एक्सेल होता, आणि कोणत्या वारी कोणता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, याचा तीन रंगांतला तक्ता स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवलेला होता. प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडला आला त्या वर्षी घरमालकीण म्हणाली, "चादरी प्रेसमध्ये आहेत," तेव्हा हा गृहस्थ अर्धा दिवस इस्त्रीवाला शोधत फिरला होता. पण तो प्लॅन त्याचा नव्हता, म्हणून तो मोजायचा नाही!

तर या अंबरीशला मलावीला जायचं होतं.

त्याचं असं झालं. घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये नोरीन ब्रॉफी नावाच्या सत्तरीच्या निवृत्त शिक्षिकेचं एक मंडळ होतं. पंचवीस-तीस माणसं. वर्षभर केक विकायचे, जुनी पुस्तकं विकायची, पावसात शर्यती पळायच्या, आणि जे जमेल ते मलावीतल्या चितुंगा गावच्या शाळेला पाठवायचं. त्यातून दोन वर्गखोल्या झाल्या होत्या, छपरावर सोलर बसलं होतं आणि एक हापसा आला होता. दर दोन वर्षांनी मंडळातलं कोणीतरी आपल्या खर्चाने तिथे जाऊन सगळं डोळ्यांनी बघून यायचं आणि हॉलमध्ये सांगायचं. ते ऐकून पुढची मदत ठरायची. या वेळी जाणाऱ्या गृहस्थांचा गुडघा ऐन वेळी बिघडला. अंबरीशची चौदा वर्षांची मुलगी शर्वाणी नोरीनच्या केकच्या टेबलावर मदत करायची. तिला घ्यायला आलेला तिचा बाप दारात उभा होता. त्याने हात वर केला!

"मी जातो की! प्रोजेक्ट बघून रिपोर्ट देणं हेच तर माझं काम."

"ग्रँड!" नोरीन म्हणाली. "मी हेडमास्तरांना आत्ताच तुझं नाव कळवते." आणि चष्मा कपाळावर ठेवून तिने फोनवर एका बोटाने टाइप करायला घेतलं.

तो चष्मा डोळ्यांवर असता, तर ही कथा झालीच नसती.

घरी त्याची बायको वीणा भूलतज्ज्ञ. दिवसभर हॉस्पिटलात माणसं झोपवायची आणि घरी येऊन नवऱ्याला जागं करायची.

"पाणी उकळलेलंच पी. टोपी घाल. आणि तुझा शहाणपणा इथेच ठेवून जा," ती बॅग भरताना म्हणाली.

"वीणा, मिनिटामिनिटाचा प्लॅन आहे!"

"म्हणून तर भीती वाटते."

तिने त्याला चौदा खिशांची एक पँट आणून दिली. अंबरीशने त्या चौदाही खिशांचा एक्सेल केला.

मलावीत पहिल्या दिवशी सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी चितुंग्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हरने हसत हसत स्टेपनी काढली, तर तीही बसलेली! तो म्हणाला, "साहेब, दुपारपर्यंत थांबा. कोणाकडून तरी ट्यूब मागवतो."

दुपारपर्यंत? सत्कार अकराला होता! अंबरीशने फोन काढला. नकाशात मक्याच्या शेतांतून जाणारी एक पायवाट दिसत होती. मोठ्या रस्त्यापेक्षा निम्मं अंतर! तो ड्रायव्हरला म्हणाला, "तुम्ही इथेच थांबा. मी जाऊन येतो." पिशवी खांद्याला लावली आणि डोक्याच्या वर गेलेल्या मक्यात शिरला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हेडमास्तर कालिलोम्बे, गावचे मुखिया आणि ढोलवाले, असे सगळे पाहुण्याला आणायला मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे होते. आणि पाहुणा येत होता मागच्या बाजूने, मक्यातून, बुटांना चिखल आणि केसांत तुरे घेऊन!

शाळेच्या अंगणात पाऊल टाकलं आणि अंबरीशचा ऊर भरून आला. हिरव्या-पांढऱ्या-नारिंगी कागदी पताका! चारशे मुलं ओळीने बसलेली! आणि आंब्याच्या झाडाला टांगलेल्या फळ्यावर हातभर अक्षरांत स्वागत: 'आयर्लंडचे पाहुणे मिस्टर अँब्रोज पर्सेल यांचे स्वागत असो!'

अंबरीश थबकला. हा अँब्रोज पर्सेल कोण बुवा? आपल्याबरोबर आणखी एक जण येतोय, आणि नोरीन बोललीसुद्धा नाही?

तेवढ्यात एक तरुण शिक्षिका धावत आली. मर्सी तिचं नाव. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि सुटकेचा नि:श्वास टाकला.

"आलात एकदाचे! कालपासून निरोप पाठवतेय!"

"माफ करा, गाडी पंक्चर—"

"ते राहू द्या. माइक बंद आहे! सोलरची वायर कुठेतरी सुटलीय. चला!"

अंबरीशला काही कळेना. झालं होतं असं, की तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाचं एकच दुकान होतं, आणि ते एका गुजराती कुटुंबाचं. त्या पंचक्रोशीत हिंदुस्थानी चेहरा दिसला की तो दुकानातलाच, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक! त्यात याच्या पिशवीतून लॅपटॉपची, फोनची, पॉवर बँकेची अशा पाच वायरी लोंबत होत्या, आणि पँटला चौदा खिसे.

"अहो, मी आयर्लंडहून—"

"हो हो, आयर्लंडहूनच येतायत! अकराला! म्हणून तर घाई!"

"नाही नाही, मी अंबरीश—"

"अँब्रोज! बरोबर! बघा, तुम्हालासुद्धा नाव माहितेय. चला, शिडी इकडे आहे."

मर्सीबाईंच्या आवाजाला अशी काही धार होती, की बावीस वर्षांचा मॅनेजर क्षणात पाचवी 'ब'मधला परचुरे झाला. हेडमास्तर आले की खुलासा करू, असं मनाशी म्हणत तो शिडी चढला. पत्रा असा तापलेला, की त्यावर पापड भाजून निघाले असते! तो बेडकासारखा उड्या मारत सोलरच्या पॅनेलपाशी पोचला. खरंच एक वायर सुटली होती. ती हातात धरली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

अंबरीश परचुरे. अँब्रोज पर्सेल. नोरीनचा फोन! त्या फोनला 'परचुरे' हा शब्द झेपला नाही, आणि त्याने आपल्या मनाने एक सभ्य आयरिश माणूस तयार करून मलावीला पाठवून दिला!

"अहो बाई! अँब्रोज म्हणजे मीच!" तो वरून ओरडला.

खाली कोणी नव्हतं. शिडीही नव्हती! कापडी फलक टांगायला ती फाटकापाशी नेली होती. आणि दूर मोठ्या रस्त्याकडून ढोल वाजायला लागले.

मिरवणूक येत होती. पुढे नाचणाऱ्या बायका, मागे हेडमास्तर, मुखिया, आणि त्यांच्या मधोमध सायकल हातात धरलेला एक उंच, तांबड्या दाढीचा, उन्हाने टोमॅटो झालेला गोरा पोरगा! गळ्यात फुलांचा हार, चेहऱ्यावर गोंधळ. मुलं टाळ्या पिटत उभी राहिली. आमचा अंबरीश छपरावर आ वासून बघत राहिला. माणूस आपल्या लग्नाला उशिरा पोचावा आणि मांडवात दुसराच कोणी अंतरपाटामागे उभा दिसावा, तशी त्याची गत झाली!

"थांबा! तो मी नव्हे! म्हणजे, मी तो आहे!" ओरडता ओरडता तोल गेला, आधारासाठी त्याने पॅनेल धरलं, हातातली वायर खाचेत खटकन बसली, आणि खाली दोन कर्णे जिवंत झाले! हेडमास्तरांचा आवाज सगळ्या शिवारात घुमला. "लेडीज अँड जंटलमन!" त्यापुढे अंबरीशचं ओरडणं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये चिमणी.

"मिस्टर अँब्रोज, दोन शब्द बोला!"

तांबड्या दाढीवाल्याने माइक दोन्ही हातांनी धरला. "थँक यू. म्हणजे, खरं सांगायचं तर, मी फक्त पाणी मागितलं होतं."

हेडमास्तरांनी गहिवरून भाषांतर केलं. "पाहुणे म्हणतात, पाणी हेच जीवन!"

टाळ्यांचा कडकडाट! पाहुण्याला दोन कोंबड्यांचं जेवण वाढलं. नंतर त्याला एक बोकड अर्पण केला. मग सगळे वाजतगाजत हापशाकडे गेले. निळ्याशार रंगाचा, फुलांनी मढवलेला हापसा! पाहुणा दांड्याला हात घालणार, तोच हेडमास्तर मध्ये पडले.

"नको, नको! रंग ओला आहे!"

फोटो काढले, आणि वरात मुखियांच्या घराकडे वळली. अंगण रिकामं झालं. अंबरीश छपरावरच होता. आणि छपरावर होता, म्हणून त्याला ते दिसलं.

दहा-बारा मुली डोक्यावर रिकाम्या बादल्या घेऊन निघाल्या. त्या निळ्या हापशाच्या अगदी शेजारून गेल्या. एकीनेही त्याच्याकडे बघितलं नाही. त्या उतारावरून थेट खाली, नजर पोचत नाही तिथल्या ओढ्याकडे गेल्या. कितीतरी वेळाने भरलेल्या बादल्या घेऊन, माना ताठ ठेवून, परत येताना दिसल्या.

दोन तासांनी शिडी आली. मर्सीने त्याला स्वयंपाकाच्या झोपडीमागे बसवलं आणि मक्याच्या पिठाची घट्ट उकड नि शिजवलेल्या शेंगा वाढल्या. वर मातकट पाण्याचा पेला. अंबरीशने वीणाचं स्मरण केलं आणि तो पिऊन टाकला.

"बाई, त्या मुली हापशाचं पाणी का घेत नाहीत?"

मर्सीने आजूबाजूला बघितलं. "आठ महिने बंद आहे तो. आतली सळई तुटलीय, वायसर झिजलेत. परवा रंग दिला."

"पण आयर्लंडला कळवलं नाही?"

"काय कळवणार? 'तुम्ही दिलेली वस्तू आम्ही मोडली'? ते म्हणतील, यांना काही सांभाळता येत नाही, आणि देणं बंद करतील. मग वर्गखोल्यांचं काय?" मग तिचा चेहरा उजळला. "तुम्हाला येतो का हापसा दुरुस्त करता?"

"नाही हो," अंबरीश म्हणाला. उभ्या आयुष्यात इतकं छोटं उत्तर देताना त्याला इतकी लाज वाटली नव्हती.

आपण कोण ते आता सांगावं का? हेडमास्तर आनंदाने डोळे पुसत फिरत होते. चारशे पोरांसमोर त्यांना सांगायचं, 'तुमचा पाहुणा खोटा, खरा तर तुम्ही पत्र्यावर भाजलात'? अंबरीशची जीभ रेटेना. खरं तर निम्मी लाज त्यांच्यासाठी होती आणि निम्मी स्वतःसाठी! तो मुकाट्याने मक्यातून चालत गाडीशी परत गेला. मर्सीने भाजलेल्या शेंगांची पुडी दिली होती. ती पंधराव्या खिशात ठेवावी म्हटलं, तर तो नव्हता.

ओंगारला परतल्यावर वीणाने दारातच विचारलं, "फोटो दाखव!"

"बॅटरी गेली होती गं."

"पाच वायरी नेल्या होत्यास ना?"

"डॅड, व्हाय इज योर नेक लाइक अ लॉबस्टर?" शर्वाणीने विचारलं.

"सत्कार उन्हात होता," अंबरीश म्हणाला आणि बाथरूममध्ये निघून गेला.

मग तो रिपोर्ट लिहायला बसला. हापशाच्या ओळीपाशी त्याचं घोडं अडलं. हापसा बंद आहे असं लिहावं, तर नोरीन विचारणार, पाहुण्याला हे कोणी सांगितलं? मग छप्पर निघणार, शिडी निघणार, उकड निघणार. चेरीवूडला ही गोष्ट पोचायला एक दिवस पुरे! आणि मर्सीच्या शाळेची मदत थांबली तर? तीन दिवस तो ती ओळ लिहीत होता आणि खोडत होता. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, 'हापसा उत्तम स्थितीत असून नुकताच रंगवला आहे.' यातला अर्धा भाग तर खराच होता!

त्या ओळीने त्याची झोप उडवली. स्वयंपाकघरात नळ सोडला की त्याला बादल्या दिसायच्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हॉल भरला. चाळीस माणसं, मागे चहाचं टेबल, त्यामागे किटली सांभाळणारी फिलोमिना. पहिल्या रांगेत वीणा आणि शर्वाणी. अंबरीश सूट घालून उभा राहिला. वर्गखोल्या, पताका, मुलांचं गाणं, सगळं रंगवून सांगितलं. हापसा एका श्वासात उरकला. टाळ्या पडल्या. सुटलो!

"थांब, थांब!" नोरीन हसत उठली. "एक सरप्राइज आहे. तिथलं नेट फार हळू, आज सकाळीच शाळेकडून फोटो आलेत. आणि हेडमास्तर आत्ता व्हिडिओवर आहेत!"

अंबरीशच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर पहिला फोटो उमटला. हार, बोकड, तांबडी दाढी, आणि खाली ओळ: 'आमचे सन्माननीय पाहुणे, मिस्टर अँब्रोज पर्सेल.'

सगळा हॉल पडद्याकडे बघत राहिला; फिलोमिना तेवढी किटली भरायला आत गेली होती.

दुसरा फोटो. तोच दाढीवाला, कोंबडीचा पाय खाताना. तिसरा. दाढीवाला, हापसा. चाळीस माना पडद्याकडून अंबरीशकडे आणि अंबरीशकडून पडद्याकडे फिरत होत्या.

"अंबरीश," नोरीन अगदी हळू म्हणाली, "हा तू नाहीस."

"नाही."

"मग तू कुठे होतास? तू गेला होतास ना रे?"

वीणाने डोळे मिटले. चाळीस माणसांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता: हा माणूस तीन आठवडे आपल्याला बनवतोय की काय? अंबरीशची पाचावर धारण बसली. त्याने हातातल्या रिपोर्टकडे बघितलं. 'उत्तम स्थितीत असून...'

"मी छपरावर होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून हेडमास्तर कालिलोम्बे पुढे वाकले, आणि एकदम ओरडले, "मर्सी! मर्सी, लवकर ये! आपला इलेक्ट्रिशियन आयर्लंडला पोचलाय!"

त्यानंतर जे हसू फुटलं, त्याने खिडक्या वाजल्या! अंबरीश हसला नाही. त्याने रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि सगळं सांगून टाकलं. मका, फळा, शिडी, तापलेला पत्रा, आणि फोनने बदललेलं नाव. नोरीनने चष्मा डोळ्यांवर ओढून आपला जुना मेसेज वाचला आणि कपाळावर हात मारला. लोक डोळे पुसत होते. पण अंबरीश थांबला नाही.

"आणि मी तुम्हाला आत्ता एक खोटं सांगितलं. हापसा आठ महिने बंद आहे. मुली ओढ्यावरून पाणी आणतात. मला माहीत होतं, तरी मी लिहिलं नाही. मी छपरावर बसलो होतो, हे तुम्हाला कळू नये म्हणून."

हसू जागच्या जागी गोठलं. पडद्यावर हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. "आठ महिने? आठ महिने, मिस्टर कालिलोम्बे? तुम्ही नाताळला मला त्याचा फोटो पाठवला होता! मी तो फ्रेम केलाय!"

हेडमास्तरांनी तोंडावरचे हात छातीशी जोडले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही दर पत्रात विचारता, 'सगळं ठीक आहे ना?' ज्याने दिलं त्याला 'नाही' कसं म्हणायचं, ते आम्हाला कळलं नाही."

नोरीन खुर्चीवर बसली. पस्तीस वर्षं मुलांना प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलेली बाई. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता नीट विचारते. काय काय मोडलंय?"

हेडमास्तरांनी हात खाली घेतले. त्यांच्यामागून मर्सीने डोकं पुढे काढलं आणि सांगायला लागली: हापसा, मुलींच्या संडासाचं दार, तिसरीच्या वर्गाचा फळा, आणि त्याच वर्गाच्या भिंतीला गेलेली चीर. हॉलमधली माणसं कागद शोधू लागली. हापसे दुरुस्त करणारी एक बाई शेजारच्याच गावात असते, असं मर्सी म्हणाली. तिला आजवर कोणी बोलावलंच नव्हतं, कारण बोलावलं असतं तर हापसा बंद आहे हे सगळ्यांना कळलं असतं! "उद्या बोलवा!" नोरीनने टेबलावर मूठ आपटली. "उद्या! आणि रंगावर एक पैसाही खर्च करू नका!" मर्सी पडद्यातून अंबरीशकडे बघत होती. ती चक्क हसत होती. त्याच्या मानेवरची जळलेली कातडी पहिल्यांदाच थंड झाली.

"पण मग," हेडमास्तरांना अचानक आठवलं, "आम्ही बोकड कोणाला दिला? मी त्याला विचारलं होतं, तुम्ही आयर्लंडहून आलात का? तो 'हो' म्हणाला!"

नोरीनने पुन्हा पहिला फोटो लावला. तांबडी दाढी पडदाभर पसरली. आणि मागे किटली खणकन खाली पडली!

"हा तर आमचा फिनबार!" फिलोमिना किंचाळली. "माझ्या बहिणीचा फिनबार! लेटरकेनीचा!"

"नक्की?"

"कान बघ ना! ते कान आमच्या घराण्याबाहेर नाहीत. पण तो तर ऑस्ट्रेलियात आहे! पर्थला! बँकेत!"

तिने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. आयर्लंडमध्ये अशी गोष्ट एकट्याने ऐकणं पाप समजतात.

"ब्रायडी, फिनबार कुठे आहे?"

"पर्थला, बँकेत. का गं?"

"तो मलावीत आहे. सायकलवर. त्याच्याबरोबर एक बोकड आहे."

पलीकडे इतकी शांतता झाली, की लेटरकेनीतलं घड्याळ ओंगारला ऐकू आलं. मग "जीझस, मेरी अँड जोसेफ!" असा टाहो फुटला. बँकेची नोकरी कधी सोडली, दाढी कोणाला विचारून वाढवली, पोटाला काय खातो? दोन कोंबड्या खाल्ल्या, हे हेडमास्तरांनी पडद्यावरून स्वतः सांगितलं, तेव्हा कुठे त्या माउलीचा जीव भांड्यात पडला.

"त्याला पाहिलं कोणी?" तिने नाक पुसत विचारलं.

"इथे आहे ना एक माणूस. छपरावरून पाहिलं त्याने."

"छपरावरून? कोण आहे तो?"

फिलोमिनाने अंबरीशकडे बघितलं. सूट बघितला, टाय बघितला. क्षणभर विचार केला.

"इलेक्ट्रिशियन," ती म्हणाली.

"खरंच?" ब्रायडीचा आवाज एकदम बदलला. "अगं, माझं इमर्शन मंगळवारपासून बंद आहे. गार पाण्याने आंघोळ करतेय मी. इथे एक मेला फोन उचलत नाही. विचार ना त्याला!"

चाळीस माणसं अंबरीशकडे बघत होती. आपण चेरीवूडला सीनियर प्रोजेक्ट मॅनेजर आहोत, आपल्या हाताखाली तेवीस माणसं आहेत, हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

"शनिवारी आलो तर चालेल?" तो म्हणाला.

वीणा त्याच्या कानाशी वाकली. "तुला काय कळतं रे पाण्याच्या हीटरमधलं?"

"काही नाही. पण लेटरकेनी तीन तास आहे ना? जाताना व्हिडिओ बघून शिकतो. गाडी तू चालव."